काचपट्टी एक, श्रेण्या दोन

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा या भागांतल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. हजेरीपटावरून त्यांना ते आपोआप कळते. २०१९ साली याच मंडळींतल्या बायकांविषयीचा एक आकडा राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने एक समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या होत्या आणि यांतल्या अनेक बायका चाळिशीच्याही आतल्या होत्या.

कारणे अनेक होती. फडावर पाळीच्या दिवसांत होणारे हाल, खाडा पडला तर कापले जाणारे पैसे, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे. या सगळ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बायकांच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष तिथे अडकावे अशी ती आहे. पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असे त्यांना सांगण्यात आले होते.

खराब म्हणजे किती खराब? ते कोणी पाहिले, कशावर पाहिले आणि कोणत्या मापाने मोजले?

अशी मोजपट्टी विज्ञानाकडे आहे. शरीरातला लहानसा तुकडा काढायचा, मेणात बसवायचा, त्याचा मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा पातळ काप घ्यायचा, रंगवायचा आणि काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे आपल्या बोलण्यातला पॅथॉलॉजिस्ट, तो पाहून श्रेणी ठरवतो. उपचार त्या श्रेणीवर ठरतात. ही मोजपट्टी कशी तयार झाली, ती किती सैल निघाली आणि तिला ताणून सरळ करण्याचे प्रयत्न कसे झाले, याचा इतिहास सत्तर-ऐंशी वर्षांचा आहे. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय बीडच्या अगदी शेजारी, बार्शी आणि उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) इथे घडलेला आहे.

आधी मोजपट्टी समजून घेऊ. गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या पृष्ठभागावर पेशींच्या अनेक थरांचे अस्तर असते. तळाच्या थरात नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकत सरकत चपट्या, म्हाताऱ्या होऊन गळून पडतात. निरोगी अस्तरात तळाच्या पेशी तरुण, मोठ्या केंद्रकाच्या असतात आणि वरच्या पेशींची केंद्रके बारीक होत गेलेली असतात. मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकला की हा क्रम बिघडतो. मोठ्या, गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी तळाचा थर सोडून वरही दिसू लागतात. १९५३ साली जेम्स रीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बिघाडाला सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या दिल्या. १९६७ साली राल्फ रिचर्ट यांनी त्याचे सी.आय.एन. १, २ आणि ३ असे नामकरण केले. बिघाड अस्तराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापुरता असेल तर १, दोन तृतीयांशांपर्यंत चढला असेल तर २, त्याहून वर किंवा पार माथ्यापर्यंत गेला असेल तर ३. या तिन्ही पायऱ्या कर्करोगाच्या अलीकडच्या. बिघडलेल्या पेशी तळाचे पटल फोडून खाली उतरल्या की मगच त्याला कर्करोग म्हणायचे.

वाचताना हे किती सोपे वाटते! खालचा तिसरा हिस्सा, मधला, वरचा. पट्टी लावली की झाले. प्रत्यक्षात अस्तर सरळ नसते, काप तिरका बसलेला असतो, सूज असली तर निरोगी पेशीही बिघडल्यासारख्या दिसतात आणि बिघाडाची कडा पुसट असते. श्रेणीचा परिणाम मात्र ठळक असतो. सी.आय.एन. १ बहुधा आपोआप नाहीसा होतो आणि त्यावर नजर ठेवणे पुरते. सी.आय.एन. ३ वर उपचार करावेच लागतात. तेही मुखावरचा तेवढा भाग गोठवून किंवा कापून, कारण त्यासाठी सबंध गर्भाशय काढण्याची एरवी गरज नसते. मधला २ हा सगळ्यांत अवघड. उपचार न करता नजरेखाली ठेवलेल्या सी.आय.एन. २ च्या स्त्रियांची अनेक देशांतली माहिती २०१८ साली एकत्र केली गेली, तेव्हा दोन वर्षांत सुमारे निम्म्या जणींचा बिघाड मागे हटलेला आणि साधारण १८ टक्के जणींचा पुढे सरकलेला दिसला. तेव्हा १ आणि २ यांच्या सीमेवर एका माणसाची नजर कुठे पडते, यावर एका बाईचे पुढले सगळे अवलंबून असते.

१९८९ साली ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या आठ अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांना गर्भाशयमुखाच्या त्याच शंभर तुकड्यांच्या काचपट्ट्या दाखवल्या. एकमेकांना न विचारता प्रत्येकाने श्रेणी लिहायची होती. कर्करोग उघड होता तिथे आठांचे चांगले जमले. सी.आय.एन. ३ बाबत बऱ्यापैकी जमले. १ आणि २ बाबत मात्र एकमताची अवस्था वाईट निघाली. ज्या ठिकाणी निर्णय नाजूक तिथेच नजर सैल होती.

शिक्षक-वाचकांना यात फारसे नवल वाटणार नाही. १९३५ साली हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी इंग्लंडमधल्या परीक्षांची परीक्षा घेतली होती. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका निवडल्या. मूळ परीक्षेत त्या सगळ्यांना एकसारखेच मध्यम गुण पडलेले होते. चौदा परीक्षकांनी त्या तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. नापास, पास किंवा विशेष प्रावीण्य या निकालात २१० पैकी ९२ वेळा बदल झाला. इथे दुसऱ्याशी मतभेद नव्हता. परीक्षकाचा स्वतःशीच होता. आपल्याकडे बोर्डाच्या पेपरतपासणीत नमुना उत्तरे आणि नियामक कशासाठी असतात, ते गठ्ठे तपासलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मतभेद मोजायचे कसे, हा प्रश्नही मुळात परीक्षा आणि मानसशास्त्राच्या प्रांतात सुटला. दोघांचे शंभरपैकी चौऱ्याऐंशी वेळा जुळले, म्हणजे ८४ टक्के एकमत, असे म्हणून भागत नाही. समजा दोन तपासनीसांसमोर शंभर काचपट्ट्या आहेत आणि दोघेही ऐंशींना ‘ठीक’ व विसांना ‘बिघडलेली’ म्हणतात. दोघांनी काचपट्टी न पाहता, डोळे मिटून हेच प्रमाण राखले असते तर? दोघेही ‘ठीक’ म्हणण्याचा योग ०.८ गुणिले ०.८, म्हणजे शंभरात ६४ वेळा, आणि दोघेही ‘बिघडलेली’ म्हणण्याचा ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ४ वेळा. नुसत्या योगायोगानेच ६८ वेळा जुळले असते! खऱ्या कौशल्याला दाखवायला जागा उरली ३२ ची आणि त्यांतले त्यांनी मिळवले १६. म्हणून त्यांचे खरे एकमत १६ भागिले ३२, म्हणजे ०.५. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलेले हे माप ‘कप्पा’ या ग्रीक अक्षराने ओळखले जाते. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. शाळेत दोन शिक्षकांनी एकाच वर्गाचे निबंध वेगवेगळे तपासून ‘चांगला’ आणि ‘बेताचा’ असे दोन ढीग केले, तर दहावीची मुलेही हा कप्पा काढू शकतील. (मुलांना त्याचे उत्तर दाखवायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.)

२००१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या दोन हजारांहून अधिक तुकड्यांची श्रेणी निष्णातांच्या गटाने पुन्हा ठरवली. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनातला कप्पा आला ०.४६. पहिल्यांदा ज्यांना सी.आय.एन. १ म्हटले होते त्यांतल्या सुमारे ४० टक्के तुकड्यांत निष्णातांना बिघाड दिसलाच नाही. याच अभ्यासात पॅप चाचणीच्या पेशींची वाचनेही पडताळली होती आणि तिथला कप्पाही तेवढाच होता. म्हणजे पेशींची चाचणी कच्ची आणि तुकड्याची पक्की, ही समजूतही टिकली नाही.

ही सैल पट्टी ताठ करण्याचे तीन-चार मार्ग निघाले.

पहिला मार्ग म्हणजे घरे कमी करणे. १९८७ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अमेरिकेतल्या पॅप चाचणीच्या प्रयोगशाळांचे वाभाडे काढले. तिथे तंत्रज्ञांना काचपट्टीमागे पैसे मिळत. टनावर तोडणी घेणारा कोयता जसा थांबत नाही, तसे हे तंत्रज्ञ थांबत नसत आणि कर्करोगाच्या काचपट्ट्या ‘ठीक’ म्हणून निघून जात. पुढे कायद्याने दिवसाला शंभर काचपट्ट्यांची मर्यादा घातली गेली. १९८८ च्या डिसेंबरात बेथेस्डा इथे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अस्तरातल्या बिघाडाचे दोनच गट केले, खालच्या श्रेणीचा आणि वरच्या श्रेणीचा. शंभर गुणांऐवजी अ, ब, क दिले की परीक्षकांचे भांडण कमी होते, तसेच हे. पण सीमारेषा पुसल्या जात नाहीत. उरलेल्या एका रेषेवर सगळे भांडण गोळा होते.

दुसरा मार्ग गुणपत्रिकेचा. स्तनाच्या कर्करोगासाठी ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली तो धरला आणि १९९१ साली नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी तो घोटून पक्का केला. पेशी नळ्यांसारखी रचना किती करतात, केंद्रके किती बिघडली आहेत आणि विभाजन पावणाऱ्या पेशी किती दिसतात, या तीन प्रश्नांना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर पहिली श्रेणी, ६-७ ला दुसरी, ८-९ ला तिसरी. हीच आपली नमुना उत्तरपत्रिका. तरीही नेदरलँड्ससारख्या लहान, सुसंघटित देशात ३३,०४३ रुग्णांचे अहवाल २०२० साली तपासले तेव्हा काय दिसले पाहा. एका प्रयोगशाळेत १६ टक्के गाठींना पहिली श्रेणी मिळत होती, तर दुसरीत ४३ टक्क्यांना. गाव बदलले म्हणून गाठींचा स्वभाव इतका बदलत नाही. बदलत होती ती नजर. आणि त्या श्रेणीवर एखादीला केमोथेरपी मिळणार की नाही हे ठरत होते.

तिसरा मार्ग डोळ्याला रंगाची मदत देण्याचा. पी-१६ नावाचे एक प्रथिन विषाणूने बिघडवलेल्या पेशींत साठते. ते रंगवून दाखवले की सी.आय.एन. २ च्या धूसर जागी निर्णय सोपा होतो. २०१२ पासून संशयाच्या काचपट्टीला हा रंग द्यावा अशी शिफारस आहे. यात खर्च वाढतो, हे ओघाने आलेच.

आता बार्शीला येऊ. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. पण बीड आणि उस्मानाबादच्या माणसांना जवळची मोठी बाजारपेठ आणि दवाखान्यांचे गाव. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. नोंदवही म्हणजे रुग्णालयात आलेल्यांची यादी नव्हे. गावोगाव जाऊन, सरपंचांशी, दायांशी, शिक्षकांशी बोलून रोगी शोधायचे आणि निदान झालेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या हाताखाली हे काम उभे राहिले. बायकांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथे पहिल्या क्रमांकावर होता.

ही पायाभरणी होती म्हणून पुढचा प्रयोग शक्य झाला. १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात मुखावर व्हिनेगरसारखे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे आणि चौथ्यात चाचणी नाही, फक्त रोगाची माहिती व नेहमीची आरोग्यसेवा. ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे पथक यांचे हे काम. निष्कर्ष २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. चाचणी नसलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, विषाणू-चाचणीच्या गटात ३४. पुढच्या टप्प्याला गेलेले रोगी ८२ विरुद्ध ३९. पॅप चाचणी आणि डोळ्यांनी पाहणे या दोन गटांत मृत्यू ५४ आणि ५६ होते आणि तुलना-गटापासूनचा हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

चौथ्या गटातल्या बायकांना चाचणी न देणे योग्य होते का, यावर पुढे कडवट वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. या प्रयोगाचे आकडे सांगणाऱ्याने त्या ३१,४८८ जणींचा उल्लेख गाळू नये, असे मला वाटते.

आपल्या विषयासाठी या प्रयोगात दोन धडे आहेत. ज्या चाचणीचे उत्तर यंत्र देते ती जिंकली आणि ज्या दोन माणसाच्या नजरेवर अवलंबून होत्या त्या मागे पडल्या. विषाणूची चाचणी मुळातच अधिक संवेदनशील आहे हे याचे मुख्य कारण. पण यंत्राला थकवा येत नाही आणि दोन यंत्रांत ‘मला तर सौम्य वाटते’ असा संवाद होत नाही, हेही त्यात आहेच. डोळ्यांनी पाहण्याच्या गटात १४ टक्के बायका संशयित ठरल्या, पॅपच्या गटात ७ टक्के. आणि वरच्या श्रेणीचा बिघाड मात्र पहिल्या गटात ०.७ टक्के, दुसऱ्यात १ टक्का जणींत सापडला. म्हणजे नुसत्या नजरेने दुप्पट संशय घेतला आणि कमी पकडले. दुसरा धडा असा की विषाणू सापडला म्हणून रोग ठरत नाही. तो सापडलेल्या बहुतेकींचा संसर्ग शरीर स्वतःच निस्तरते. शेवटी तुकडा, काचपट्टी आणि श्रेणी यांच्यापाशी यावेच लागते.

बार्शीसारख्या गावी एक किंवा दोनच विकृतिशास्त्रज्ञ असतील, तर अवघड काचपट्टी दाखवायची कोणाला? पूर्वी ती कापसात गुंडाळून टपालाने किंवा नातेवाइकाच्या हाती मुंबईला जाई. शतकाच्या वळणावर बार्शी आणि टाटा रुग्णालय यांच्यात दूर-विकृतिशास्त्राचा दुवा जुळला. सूक्ष्मदर्शकावर डिजिटल कॅमेरा बसवायचा, निवडक भागांची छायाचित्रे घ्यायची आणि रुग्णाच्या माहितीसह इंटरनेटने परळला पाठवायची. डॉ. संगीता देसाई आणि सहकाऱ्यांनी पहिल्या शंभर प्रकरणांचा लेखाजोखा २००४ साली प्रसिद्ध केला. या पद्धतीची मेख तिच्या नावातच आहे: चित्रे स्थिर होती. काचपट्टीवरची कोणती जागा टिपायची हे बार्शीतल्या माणसाने ठरवायचे. चुकीची जागा टिपली तर मुंबईचा तज्ज्ञ बरोबर पाहूनही चूक सांगणार. आज सबंध काचपट्टी चित्रित करणारी यंत्रे आहेत आणि दुसऱ्या टोकाचा माणूस हवा तो कोपरा मोठा करून पाहू शकतो.

चित्रे पाठवता येतात तर त्यांवरून शिकवताही येईल, हा विचार अमेरिकेत आधीच झाला होता. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची श्रेणी डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली बसवली. त्यांनी ग्रंथींच्या रचनेचे पाच नमुने स्वतःच्या हाताने रेखाटले. नीटनेटक्या गोल ग्रंथींपासून पूर्ण विस्कटलेल्या पेशींपर्यंत. गाठीत सर्वाधिक दिसणारे दोन नमुने घेऊन त्यांच्या अंकांची बेरीज करायची. ग्लीसन यांचे मोठेपण असे की त्यांनी नमुने आधी ठरवले आणि मग ते रुग्ण किती जगले याच्याशी ताडून पाहिले. त्यांची ती काळी-पांढरी आकृती जगभरच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागली. तरीही २००१ साली जॉर्जिया राज्यातल्या ४१ सर्वसाधारण विकृतिशास्त्रज्ञांनी ३८ तुकडे वाचले तेव्हा कप्पा ०.४३५ च आला.

२००० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जोनाथन एपस्टाइन यांच्या गटाने इंटरनेटवर एक विनामूल्य पाठ ठेवला. रचना साधी होती. आधी वीस चित्रांना श्रेणी द्या. मग चोवीस चित्रांचा धडा वाचा. मग तीच वीस चित्रे पुन्हा पाहा. ६४३ विकृतिशास्त्रज्ञांनी तो पुरा केला आणि वीसपैकी पंधरा चित्रांत त्यांची श्रेणी लक्षणीय सुधारली. आपल्या पाठ-नियोजनात पूर्वचाचणी, अध्यापन, उत्तरचाचणी असे जे लिहितात, अगदी तेच. फक्त विद्यार्थी पन्नाशीचे डॉक्टर होते आणि वर्ग खंडभर पसरला होता. नेदरलँड्समध्ये मोठ्या आतड्यातल्या गाठींच्या श्रेणीसाठी असाच देशव्यापी ऑनलाइन पाठ झाला आणि त्यानंतर प्रयोगशाळांमधला फरक कमी झाल्याचे २०१९ साली नोंदले गेले. ल्योंच्या संस्थेने गर्भाशयमुखाच्या तपासणीची चित्रे आणि पाठ इंटरनेटवर खुले केले. नोएडाची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था डॉक्टरांसाठी ऑनलाइन वर्ग घेत आली आहे. २०१२ साली टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात दूरदूरच्या रुग्णालयांतले डॉक्टर पडद्यावर एकत्र येऊन अवघड रुग्णांवर चर्चा करतात.

या पाठांची मर्यादाही ओळखून असावे. धडा लिहिणाऱ्या निष्णाताच्या मताला ‘बरोबर उत्तर’ मानूनच सुधारणा मोजली जाते. वर्गातली सगळी घड्याळे मुख्याध्यापकांच्या घड्याळाशी जुळवली तर घंटा एकदम वाजतील. मुख्याध्यापकांचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल तर सगळे मिळून मागे राहतील. म्हणून श्रेणीची खरी परीक्षा ग्लीसन यांनी घेतली तशी रुग्णाच्या पुढच्या आयुष्याशी लावून घ्यावी लागते आणि त्यासाठी बार्शीसारखी नोंदवही लागते. दुसरे असे की दोनदा त्याच चित्रांवर घेतलेली परीक्षा ही मुलांना पेपर आधी दाखवण्याच्या जवळ जाते. सहा महिन्यांनी, नव्या काचपट्टीवर, दुपारच्या साठाव्या वाचनात ती सुधारणा किती उरते, हे पाहायला हवे.

बीडपुरते बोलायचे तर नोंदवही आता इथेही आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या वर्षांवरच्या अहवालात ‘उस्मानाबाद व बीड’ असा एक रकाना आहे आणि देशातल्या सर्व नोंदवह्यांत त्याचे आकडे सर्वांत कमी आहेत: वयानुसार समायोजित दर लाखात पुरुष ३९.५, स्त्रिया ४९.४. कर्करोगाचे एकूण प्रमाण इतके कमी असलेल्या भागात, कर्करोगाच्या भीतीने शंभरात काही पिशव्या निघाव्यात, ही विसंगती डोळ्यांत भरते. अशा नोंदवह्यांत आणखी एक स्तंभ असतो: किती रोग्यांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झाले. नोंदवहीची गुणवत्ता जोखताना जाणकार आधी तो पाहतात.

२०१९ नंतर बीडमधल्या खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. तुकडा वाचणारी माणसे जिल्ह्यात नाहीत असेही नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे आणि तिथे विकृतिशास्त्राचा विभाग आहे. काढलेला कोणताही अवयव विकृतिशास्त्राच्या तपासणीला पाठवणे ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे, मग त्यात रोगाचा संशय असो वा नसो.

पालकांपैकी कोणी असा कागद दाखवायला आणला, तर त्यात काय पाहायचे ते सांगून ठेवतो. सोनोग्राफीच्या अहवालात श्रेणी नसते, तिच्यावरून ती ठरवता येत नाही. तुकड्याच्या अहवालात अवयवाचे नाव, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि शेवटी निदान असते, सी.आय.एन. १ असेल तर ते कर्करोगाचे नाव नव्हे. तुकडा ज्या मेणाच्या वडीत बसवलेला असतो ती वडी प्रयोगशाळा अनेक वर्षे जपून ठेवते. रुग्णाने मागितली तर ती आणि काचपट्टी दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी नेता येते. टाटा रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णाच्या काचपट्ट्या आणि वड्या उपचारांआधी नव्याने वाचल्या जातात आणि तिथे जाणाऱ्याला त्या बरोबर आणायला सांगतात.